शिंत्रेबाई आणि मुका एडिटर

“सगळं आहे माझ्या सॉफ्टवेअरमध्ये, बाई. वेग आहे, देखणेपण आहे, एक चूक कुणी दाखवलेली नाही. मग लोक सोडून का जातात?”

शिंत्रेबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. दाणे परातीत पडत होते, टरफलं शेजारच्या पाटीत.

“कोण कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“पुष्कळ. आज घेतात, पुढच्या महिन्यात दिसत नाहीत.”

“एखाद्याचं नाव?”

सारंगला एकही नाव सांगता आलं नाही.

बाईंनी पुढची शेंग उचलली.

सारंग रेडेकर प्रोग्रॅमर होता, पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या मतांमुळे. प्रोग्रॅमर ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून प्रोग्राम लिहितात त्याला एडिटर म्हणतात. सुताराचा जीव जसा रंध्यात, तसा त्यांचा एडिटरमध्ये. कोणता एडिटर चांगला, कोणता टाकाऊ, कोणत्या भाषेत प्रोग्राम लिहावेत, कोणती भाषा आता सोडून द्यावी, यावर सारंग इंटरनेटवर लिहायचा. ठासून लिहायचा. ‘कदाचित’ हा शब्द त्याच्या लेखांत सापडत नसे. त्यानं एखाद्या टूलला अडगळ म्हटलं की पुण्यातली पोरं संध्याकाळपर्यंत ते आपल्या मशीनवरून काढून टाकत.

इतकी मतं असलेल्या माणसानं एक दिवस स्वतःचाच एडिटर बनवायला घेतला, यात नवल नव्हतं.

त्यानं नोकरी सोडली. एडिटरला नाव दिलं तेज. त्यात प्रत्येक प्रकारच्या शब्दाला वेगळा रंग होता; पडदा उघडला की पहाटेचं आभाळ पाहिल्यासारखं वाटे. तेज बाजारात आला तेव्हा लोकांनी वाहवा केली. मग हळूहळू ते गेले. का गेले ते कुणी सांगितलं नाही. सारंगला त्याचाच जास्त त्रास होता. साठवलेलं संपत आलं होतं आणि त्याला कारणही माहीत नव्हतं.

म्हणून तो आजऱ्याला आला होता.

इंदुमती शिंत्रे यांनी गडहिंग्लजच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. तेव्हाच त्यांची नजर मंदावत चालली होती. फळ्यावर त्या हाताच्या अंदाजानं लिहीत. पुढं ती पूर्ण गेली. नोकरी संपली, प्रोग्रॅमिंग संपलं नाही. कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवायचा, त्या ऐकायच्या आणि लिहायच्या. गावातलं ग्रंथालय आणि भाताची गिरणी त्यांच्याच प्रोग्रामवर चालत होती. फोनवरून त्या शिकवतही असत.

सारंगला वाटलं होतं, बाई सगळं ऐकून घेतील आणि म्हणतील, लोकांनाच कळत नाही.

बाई तसं काही म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, त्या स्वतः कोणता एडिटर वापरतात. बाईंनी नाव सांगितलं. फार जुना, साधा एडिटर होता तो. सारंगनं त्याच्यावर एक अख्खा लेख लिहिला होता. असलं काही वापरणाऱ्यानं घरी चूलही पेटवावी, असं त्यात म्हटलं होतं.

“ऐकला मी तो लेख,” बाई म्हणाल्या. “मशीननं वाचून दाखवला. चुलीचं वाक्य छान होतं.”

सारंग खाली बघू लागला. त्याचं खाली बघणं बाईंना दिसत नव्हतं, तरी त्याला तसंच बसावंसं वाटलं.

बाई उठल्या, परात काखेला लावली. चहा टाकते म्हणाल्या. तोवर मशीन बघायचं तर बघ, आतल्या खोलीत आहे.

तो आत गेला. पडदा काळा होता. मशीन बंद असेल असं त्याला वाटलं, पण ते चालू होतं. उजेड पार शून्यावर नेलेला होता. त्यानं तो वाढवला.

गिरणीचा प्रोग्राम उघडा होता.

सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटलेल्या. मध्ये कुठे रिकामी ओळ नाही. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात आहे ते कळावं म्हणून प्रोग्रॅमर ओळी आत आत सरकवत जातात. इथे एकही सरकवलेली नव्हती. त्या भाषेत ते सक्तीचं नाही, पण त्यावाचून डोळ्यांना काही धरता येत नाही.

ज्या बाईंनी आपल्याला अक्षर गिरवायला शिकवावं तसं प्रोग्रॅमिंग शिकवलं, त्यांच्या घरात ही अवस्था.

त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह होता. त्यानं बाईंच्या मशीनवर तेज चढवला आणि प्रोग्राम नीट मांडून देणारं बटण दाबलं. गिरणीचा प्रोग्राम, ग्रंथालयाचा प्रोग्राम, शेजारी होते ते सगळे. ओळी सरसर आत सरकल्या, जागा सुटल्या, पडद्यावर बाग फुलली.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा तो हसत होता. तुमच्यासाठी एक केलंय म्हणाला.

बाई खुर्चीत बसल्या. आपला जुना एडिटर उघडला, बंद असलेला आवाज सुरू केला, आणि कॉम्प्युटर बोलू लागला. इतक्या वेगानं की सारंगला नुसती भुणभुण ऐकू आली. बाईंनी त्याच्यासाठी वेग कमी केला.

“मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा,” कॉम्प्युटर म्हणाला. मग एक शब्द. पुढची ओळ. “मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा, मोकळी जागा...”

एखादं चिन्ह कानातून निसटलं तर प्रोग्राम बिघडतो, म्हणून बाईंनी त्याला प्रत्येक गोष्ट उच्चारायला लावलेलं होतं.

त्यांनी बऱ्याच ओळी ऐकल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या घरात चुकून शिरलेला माणूस कसा थांबून अंदाज घेतो, तशा त्या बसल्या होत्या.

“बाई, मला वाटलं...”

“माहीत आहे मला, तुला काय वाटलं.” त्यांनी कॉम्प्युटर थांबवला. “पहिल्यासारखं करता येतं का?”

येत होतं. सारंगनं सगळं पुन्हा डाव्या कडेला आणून लावलं. घाईत एकदा तो चुकलाही. बाई शेजारी बसून चहा पीत राहिल्या, आणि झाल्यावर त्यांनी गिरणीचा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत ऐकला. मगच कप खाली ठेवला.

“आता तुझा उघड.”

त्यानं तेज उघडला.

“तेज. खिडकी,” कॉम्प्युटर म्हणाला.

बाईंनी खाली जाणारा बाण दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. उजवीकडचा दाबला. दुसरी दोन-तीन बटणं दाबून पाहिली.

“खिडकी,” कॉम्प्युटर म्हणाला, आणि गप्प झाला.

“काय आहे या खिडकीत?” बाईंनी विचारलं.

सारंग घाईघाईनं सांगू लागला. पहिल्या ओळीत एक निळा शब्द आहे, त्याच्यापुढं केशरी, मग हिरवा.

“निळा म्हणजे?”

“निळा म्हणजे... ते त्या कामाचं नाव.”

“आणि केशरी?”

“त्या कामाला जी माहिती लागते ती.”

“हे तुझ्या एडिटरला ठाऊक आहे?”

ठाऊक नव्हतं. तेजला प्रत्येक शब्दाचा रंग माहीत होता. तो शब्द कोण, हे त्यानं कधी लक्षात ठेवलंच नव्हतं. रंग देऊन झाला की विसरत होता.

मग सारंगनं आपली बाजू मांडली. आवाजाचं काम मनात होतं, पण नंतर करायचं ठरवलं होतं. असे वापरणारे अगदी थोडे. आधी बाकीच्यांसाठी नीट करू, मग त्यांच्याकडे वळू, असा विचार केला होता. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला.

बाईंनी मध्ये तोडलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी तब्बसुमची हकिकत सांगितली.

तब्बसुम मुजावर गडहिंग्लजची. जन्मापासून तिला दिसत नाही. बाईंकडे फोनवरून प्रोग्रॅमिंग शिकली आणि कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीत लागली. घरातली पहिली पगारदार. काम चांगलं चाललं होतं. मग मालकांनी ठरवलं की सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा, म्हणजे एकमेकांचं काम एकाच वेळी बघता येईल. मालक सारंगचे लेख वाचायचे. त्यांनी तेज बसवला.

तब्बसुमनं सकाळी मशीन सुरू केलं. खिडकी, एवढंच ऐकू आलं.

“गेलेल्यांतलं हे एक नाव मला ठाऊक होतं. तू विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

सारंगनं लगेच फोन काढला. मालकांशी आपली ओळख आहे, आत्ता बोलतो, तिला तिचा जुना एडिटर वापरू द्या म्हणतो.

बाईंनी हात पुढं करून त्याचं मनगट शोधलं आणि धरलं. मालक वाईट नव्हते, त्या म्हणाल्या. त्यांनी तेही देऊ केलं होतं. मग बाकीचे सगळे एका खिडकीत आणि तब्बसुम दुसरीकडे एकटी. तिनं केलेलं कुणाला दिसेना, त्यांनी केलेलं तिला कळेना. कामं तिच्यापर्यंत येईनाशी झाली. कुणी जा म्हटलं नाही. तिलाच तिथं नुसतं बसून पगार घेणं जमेना, तिनं नोकरी सोडली.

“म्हणजे दुसरा एडिटर देऊन उपयोग नाही,” सारंग म्हणाला.

बाईंनी त्याचं मनगट सोडलं.

“यालाच बोलतं करायला किती दिवस लागतील, बाई? तुम्हाला काय वाटतं?”

“मी काय सांगणार? तुझा एडिटर मी अजून पाहिलेला नाही.”

तो पुण्याला परतला.

सुरुवातीला त्याला वाटलं, वरून एक आवाज चिकटवला की झालं. तसं झालं नाही. तेज अक्षरं लिहीत नव्हता, अक्षरांची चित्रं काढत होता, आणि चित्राला वाचून दाखवण्यासारखं काही नव्हतं. सारंगला पायापर्यंत खोदावं लागलं. ज्या भागांचा त्याला सर्वांत अभिमान होता तेच आधी पाडावे लागले. ते पाडताना तो खोलीत मोठ्यानं स्वतःशी भांडायचा.

मध्येच एका नव्या भाषेवरून इंटरनेटवर वाद पेटला आणि लोक त्याच्या मताची वाट पाहू लागले. तो लिहायला बसलाही. पण त्याला दुपारपर्यंत तब्बसुमकडे तेजचा दुरुस्त केलेला भाग तपासायला पाठवायचा होता. लेख राहिला.

तब्बसुमला त्यानंच फोन केला होता. पहिल्यांदा तिनं फार वेळ दिला नाही. तुमचे लेख मी ऐकते सर, म्हणाली, रंगांबद्दल तुम्ही छान लिहिता. आणि ठेवला.

दुसऱ्यांदा त्यानं माफी मागितली. माफीचं काय करू, असं तिनं विचारलं. मग तिसऱ्यांदा तो नुसतं एवढंच म्हणाला, की आता पहिली ओळ वाचली जातेय, दुसरी का वाचली जात नाही ते मला कळत नाही, बघशील का?

तेव्हापासून ती बघू लागली.

ती फटकळ होती. पाठवलेलं चाललं नाही तर ‘मेलंय’ एवढंच कळवायची. पण कुठे मेलंय ते नेमकं सांगायची. सारंग पडद्याचा उजेड शून्यावर नेऊन काम करायला शिकला. पहिले काही दिवस तो आपल्याच एडिटरमध्ये वाट चुकत होता, भिंती चाचपडत होता. मग हळूहळू एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि तिचं त्याला हसू आलं. तेजमधली बटणं डोळस माणसालाही सापडत नसणार. सगळं सुंदर होतं आणि काहीच जागेवर नव्हतं. तब्बसुमसाठी त्यानं जे जे सरळ केलं, ते ते बाकीच्यांनाही सोपं जाऊ लागलं. गेलेल्यांपैकी काही जण परत आले. सारंगनं त्यांना पत्रं लिहिली आणि का गेला होतात ते विचारलं. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं. आता त्याला त्यांची नावं माहीत होती.

कंपनीच्या मालकांनी निरोप पाठवला की तेज खरंच बोलत असेल तर तब्बसुमची जागा आहे तशी आहे.

आंब्याला मोहर आला होता तेव्हा तो पुन्हा आजऱ्याला आला. तब्बसुमही एसटीनं आली. तिघं बाईंच्या आतल्या खोलीत बसले. बाहेर स्वयंपाकघरात घनसाळ तांदळाचा भात शिजत होता आणि त्याचा वास घरभर पसरला होता.

तब्बसुम खुर्चीत बसली. बाई भिंतीला टेकून. सारंगला बसवेना, तो दाराशी उभा राहिला.

तिनं तेज उघडला.

“तेज. प्रोग्राम उघडला आहे. पहिली ओळ. कामाचं नाव, हिशेब. लागणारी माहिती, पोती आणि दर,” कॉम्प्युटर म्हणाला.

तब्बसुमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कंपनीतली ती सकाळ तिला आठवली असावी. तिनं खाली जाणारा बाण दाबला, आणि तेज पुढची ओळ बोलला. आणि त्याच्या पुढची. कोणती ओळ कुणाच्या पोटात आहे तेही त्यानं सांगितलं. मोकळ्या जागा मोजत बसला नाही.

सारंगचे डोळे भरून आले. ते त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसले.

मग तब्बसुम लिहू लागली. तिला गिरणीच्या प्रोग्राममध्ये एक छोटी भर घालायची होती.

तिनं एक शब्द लिहिला.

“नाव फार छोटं आहे,” तेज म्हणाला. “अर्थपूर्ण नाव द्यावं.”

तिनं पुढं लिहिलं.

“ही पद्धत जुनी आहे. याहून चांगली पद्धत उपलब्ध आहे. ओळ लांब होत आहे. कंस अजून बंद केलेला नाही. इथे असं लिहिणं योग्य नाही...”

पूर्वी या सूचना पडद्याच्या कडेला बारीक अक्षरांत यायच्या. सारंगनं आपली सगळी मतं तिथं भरून ठेवली होती. काही गाळायचं नाही म्हणून त्यानं त्यांनाही आवाज दिला होता.

तब्बसुमची बोटं थांबली. तेजचं बोलून होईपर्यंत ती थांबली, मग एक शब्द लिहिला. पुन्हा थांबली. ती वैतागली नाही. तिनं मान किंचित वाकडी केली आणि त्या बोलण्यातून वाट काढत काढत ओळ पूर्ण केली. मग पुढची. भात झाल्याचा वास आला तेव्हा प्रोग्राम चालला होता.

“चाललं, बाई,” ती म्हणाली. “सोमवारी जाते मी कोल्हापूरला.” आणि मग, दाराच्या दिशेनं, “सर, चाललं.”

सारंग आत आला. बाईंच्या समोर जमिनीवर बसला. बोलावं की नाही, असं त्याला पहिल्यांदाच झालं होतं. तरी त्याला राहवलं नाही.

“बाई... बोलतोय तो.”

“हो.”

बाईंनी हात पुढं केला, त्याचं डोकं सापडलं तिथं क्षणभर ठेवला.

“आता त्याला गप्प बसायला शिकव.”